जपानी तलवार ऑनलाइन शिकता येते का? कोर्सचे पैसे भरायच्या आधी हे वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही साताऱ्याजवळ राहता, वय ३१, शाळा-कॉलेजात ब्राउन बेल्टपर्यंत कराटे केलंय, आता घरून काम असल्यामुळे सकाळ-संध्याकाळ वेळ मिळतो, आणि कातोरी शिंतो र्यू या जुन्या जपानी शस्त्रपरंपरेचे व्हिडिओ बघून जपानी तलवार शिकायचंच असं मनाने घेतलंय. जवळपास शिकवणारं कोणी नाही. एका परदेशी संस्थेचा ऑनलाइन कोर्स सापडलाय, सगळे धडे रेकॉर्ड केलेले, दर तीन महिन्यांनी व्हिडिओवर परीक्षा आणि तीन वर्षांत ब्लॅक बेल्ट सर्टिफिकेट. तो घ्यावा का, की यूट्यूबवरून फुकटात सुरुवात करावी?

मी इआइदो आणि जोदो करतो, म्हणजे म्यानातून तलवार काढण्याची कला (थोडक्यात इआइ) आणि काठी. नोकरीनिमित्त जपानात होतो तेव्हा सुरू केलं, तिथल्या महापालिकेच्या व्यायामशाळेत संध्याकाळी सराव असायचा तिथे. मग पुण्याला परत आलो आणि तेव्हापासून माझं स्वतःचं शिक्षण बरंचसं लांबूनच चाललंय, सेन्सेइ म्हणजे गुरू तिकडे आणि मी इकडे. आता माझ्याकडेही काही जण दुसऱ्या गावांहून असेच शिकतात. त्यामुळे स्क्रीनच्या दोन्ही बाजूंना मी बसलोय आणि जे लिहितोय ते त्यातूनच आलंय.

सरळ सांगायचं तर तो कोर्स घेऊ नका. पण लांबून शिकताच येत नाही असंही मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. तुम्ही विचारलंय ऑनलाइन की प्रत्यक्ष, पण माझ्या मते त्याआधी विचारायला हवं की तुम्हाला बघणार कोण. तुमचा खांदा वर चढलाय, डावा हात झोपलाय, हे ओळखून तुम्हाला थांबवणारा माणूस असेल आणि वर्षातून काही दिवस तरी तो तुमच्यासोबत एका खोलीत उभा राहणार असेल, तर मधले महिने कॅमेऱ्यावर निघतात. तो माणूसच नसेल तर व्हिडिओ कितीही चांगले असोत, तुम्ही रोज मन लावून स्वतःच्या चुका पक्क्या करत बसाल.

आता तुम्हाला जे शिकायचंय ते नक्की काय आहे ते बघू, कारण जपानी मार्शल आर्ट म्हणून आपण सगळं एकाच पोत्यात भरतो. १८६८ च्या मेइजी क्रांतीच्या आधी सुरू झालेल्या परंपरांना कोर्यु म्हणतात आणि नंतरच्या ज्युदो, कराटे, आयकिदो, आजचं केंदो-इआइदो हे सगळं आधुनिक. कातोरी शिंतो र्यू ही कोर्युमधली सगळ्यात जुन्यांपैकी, परंपरेप्रमाणे १४४७ च्या सुमारास इइझासा इएनाओ यांनी सुरू केलेली, चिबातल्या कातोरी देवस्थानाशी जोडलेली. चिबा प्रांताने १९६० मध्ये तिला सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. तिथे शिकायला सुरुवात करायची तर आधी शपथपत्रावर सही आणि त्यावर बोटाच्या रक्ताचा ठसा, की इथलं बाहेर दाखवणार नाही, उगाच मारामाऱ्या करणार नाही वगैरे. म्हणजे फी भरून लॉगिन घ्यायची ही वस्तूच नाही, तुम्हाला कोणीतरी आत घ्यावं लागतं.

आणि दुसरी गोष्ट जास्त व्यावहारिक आहे. कातोरीत सुरुवातच जोडीने होते. ओमोते नो ताची म्हणून चार काता, म्हणजे हालचालींचे ठरलेले क्रम, असतात, त्यातली पहिली इत्सुत्सु नो ताची, दोघांच्या हातात लाकडी तलवारी आणि न थांबता एकामागून एक वार-प्रतिवार. तुम्ही व्हिडिओत जे बघून भारावलात ते बहुतेक हेच असणार. एकट्याने गच्चीवर तुमच्या बाजूच्या हालचाली पाठ करता येतील, पण ती काता होणार नाही, कारण त्यातली प्रत्येक हालचाल समोरच्याच्या हालचालीला दिलेलं उत्तर असते आणि समोर कोणी नसेल तर तुम्ही उत्तर कशाला देताय?

मग ते ब्लॅक बेल्ट सर्टिफिकेट. कोर्युमध्ये जुनी पद्धत मोकुरोकु, मेन्क्यो अशा परवान्यांची आहे. दान म्हणजे क्रमाने चढत जाणाऱ्या श्रेणींची पद्धत कानो जिगोरो यांनी ज्युदोत आणली, त्यांची शाळा कोदोकान १८८२ मध्ये सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी पहिले दान दिले गेले. आधुनिक इआइदोने दान घेतले पण रंगीत पट्टे नाही घेतले. आमच्या कमरेचा पट्टा हाकामाच्या, म्हणजे घोळदार विजारीच्या, आत असतो आणि त्यात म्यान खोचलेलं असतं, त्याच्या रंगावरून कोणाचीही श्रेणी कळत नाही. त्यामुळे कोर्यु तलवार आणि ब्लॅक बेल्ट हे दोन शब्द एकाच जाहिरातीत दिसले की ते शिकवणारे त्या परंपरेतले नाहीत असं मी तरी धरून चालतो. ‘तीन वर्षांत’ हे आकर्षण असेल तर तेही सोडा, इआइदोच्याही परीक्षा घेणाऱ्या ऑल जपान केंदो फेडरेशनच्या नियमांत पहिल्या दानवरून दुसऱ्याला किमान १ वर्ष, मग २, मग ३, मग ४ असं थांबावं लागतं आणि प्रत्येक परीक्षा परीक्षकांसमोर उभं राहून द्यायची असते. शोदान, म्हणजे पहिला दान, याचा अर्थ नीट सुरुवात झाली इतकंच, त्याच्याभोवती तिथे कोणी आरती ओवाळत नाही.

आता लांबून शिकण्याबद्दल. ही काही झूमने आणलेली नवी गोष्ट नाही. एदो काळात दाइम्योंना, म्हणजे प्रांतोप्रांतीच्या सरदारांना, आलटून पालटून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, येऊन राहावं लागायचं, त्यांच्याबरोबर हजारो सामुराई यायचे, तिथल्या मोठ्या दोजोंमध्ये, म्हणजे सरावाच्या आखाड्यांत, शिकायचे आणि मग आपल्या प्रांतात परत जायचे. साकामोतो र्योमा हा सामुराई तोसा प्रांताचा, गावी ओगुरि र्यू शिकलेला, १८५३ मध्ये एदोला जाऊन चिबा घराण्याच्या दोजोत होकुशिन इत्तो र्यू शिकला, परत घरी गेला, मग काही वर्षांनी पुन्हा आला. अलीकडचं बघायचं तर बुजिनकान या निन्जुत्सु संस्थेचे हात्सुमी मासाआकी चिबातल्या नोदाला राहायचे आणि त्यांचे गुरू ताकामात्सु तोशित्सुगु पार नारातल्या काशिहाराला. शिंकान्सेन १९६४ ला आली, त्याच्या आधीपासून ते रेल्वेने एवढ्या लांब जाऊन शिकायचे आणि मधल्या काळात घरी घोटायचे, १९७२ मध्ये ताकामात्सु गेले तोवर. या सगळ्यांत क्रम तोच आहे बघा. आधी समोर बसून घेतलं, मग लांब जाऊन एकट्याने घोटलं, मग परत येऊन तपासून घेतलं. गुरूने दिलेली गुंडाळीसुद्धा पुष्कळदा नुसती कातांच्या नावांची यादी असते, ज्याने शिकलंय त्याला आठवायला पुरेल एवढीच. मियामोतो मुसाशीसारख्या नामांकित तलवारबाजाने गोरिन नो शो या आपल्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवलंय की हे लिहिलेलं नुसतं वाचून कोणी या वाटेवर पोचणार नाही. आणि तो तर पुस्तक लिहायला बसला होता.

ऑनलाइन कोर्सवाले हा क्रम उलटा करतात. आधी व्हिडिओ, मग कधीतरी जमलं तर भेट. तिथेच सगळं बिघडतं.

का बिघडतं ते एका कातावर दाखवतो. फेडरेशनच्या प्रमाणित इआइमध्ये १२ काता आहेत, पहिली माए. समोर शत्रू बसलाय असं धरून तुम्ही सेइझात बसलाय, आपलं वज्रासन समजा. डावा हात म्यानाच्या तोंडावर जातो, अंगठा त्सुबावर (मुठीपुढची चकती), उजवा हात मुठीवर. तलवार हळू सुरू होते, गुडघ्यांवर उठता उठता वेग वाढतो, शेवटच्या काही इंचांत डावा हात म्यान आडवं करतो आणि त्याच क्षणी उजवा पाय पुढे पडतो, पातं बाहेर येऊन शत्रूच्या कानशिलावरून आडवं जातं. थांबतं तेव्हा टोक मुठीपेक्षा किंचित खाली. मग तलवार डोक्यावर, सरळ खाली वार, रक्त झटकण्याची हालचाल आणि परत म्यानात.

व्हिडिओ बघणारा यात उजवा हात बघतो. सगळेच बघतात, कारण चमकणारी गोष्ट त्या हातात असते. प्रत्यक्षात तलवार बाहेर काढतो तो डावा हात, म्यान मागे खेचून. ते खेचणं नसेल तर उजव्या खांद्याने तलवार ओढली जाते, अंग उजवीकडे वळतं, टोक भरकटतं. माझ्याकडे व्हिडिओंवरून शिकून आलेली माणसं येतात त्यांच्यातल्या जवळपास प्रत्येकाचं म्यान मेलेलं असतं, नुसतं कमरेला लटकलेलं. वर दोन-तीन वर्षं रोज केलेलं असल्यामुळे ते इतकं अंगात मुरलेलं असतं की नव्या माणसाला शिकवणं त्यापेक्षा सोपं जातं. मेहनती लोक असतात हो ते, म्हणूनच वाईट वाटतं.

आणि समोरासमोर असताना मी हे कशावरून ओळखतो? म्यानाचं तोंड हातात घेऊन बघतो, आतलं लाकूड एका बाजूने खरवडलेलं दिसतं. पातं बाहेर येताना कुरकुरल्याचा बारीक आवाज येतो. मागे उभा राहून त्याच्या डाव्या मनगटाला दोन बोटं लावतो आणि म्हणतो आता काढ, की लगेच कळतं जोर कुठून येतोय. यातलं काहीही कॅमेऱ्यात येत नाही. कॅमेऱ्यात येते ती आकृती, म्हणजे पाय कुठे पडला, टोक किती उंचीवर थांबलं, नजर खाली गेली का, काता किती घाईत झाली. आधी समोर येऊन शिकलेल्या माणसाला हे एवढं लांबून दुरुस्त करून देणं पुरतं, कारण बाकीचं त्याच्या हाताला आठवत असतं. नव्याला नाही पुरत.

जोडीच्या सरावाचं तर आणखी अवघड. आमच्या जोदोत जो म्हणजे १२८ सेंटिमीटरची गोल काठी, समोरच्याकडे साधारण १०२ सेंटिमीटरची लाकडी तलवार. शिंतो मुसो र्यूमध्ये तलवारीची बाजू नेहमी वरिष्ठ घेतो आणि कातात हरतो तोच. तो हरता हरता शिकवत असतो, वार खरोखर तुमच्या कपाळावर आणतो, तुम्ही लवकर हललात तर दिशा बदलतो आणि उशीर केलात तर केसांवर थांबवतो. अंतर मुठीएवढं जास्त झालं तरी तुमची काठी पोचत नाही आणि तेवढंच कमी झालं तर तुम्ही कापले गेलात. याला माआइ म्हणतात, आणि ती भीतीतून शिकली जाते, चांगल्या अर्थाने म्हणतोय. स्क्रीनवरच्या तलवारीला कोणी घाबरत नाही.

तरी काठीचे १२ मूलभूत प्रकार एकट्याने करायचे असतात, ते मी लांबून घेतो. त्यात हिकिओतोशी म्हणून एक फटका आहे, समोरच्या तलवारीला वरून येऊन घासत मागे फेकणारा. एकट्याने हवेत मारताना महिनोन्‌महिने सुरेख दिसतो. मग भेटीत मी लाकडी तलवार पुढे धरतो, आणि बरोबर असेल तर काठी घसरत जाते आणि माझी तलवार मागे उडते, चुकीचा असेल तर नुसता ठक्क आवाज येऊन दोघांचे हात झिणझिणतात. त्या एका आवाजात जे कळतं ते मी झूमवर कितीही बोललो तरी सांगता येत नाही. म्हणून माझ्याकडे लांबून शिकणाऱ्यांना मी आधीच सांगतो, भेटीला येणार नसाल तर जो सुरू करू नका, इआइ करा.

इथपर्यंतचं एका ओळीत: एकट्याने करायच्या इआइला लांबून शिकणं थोडंफार मानवतं, जोडीच्या कातांना नाही, आणि दोन्हींत पाया समोरच बांधावा लागतो.

आता तुमच्यावर काय काय अवलंबून आहे ते. कराटे केलंय त्याचा फायदा आहे, कंबर आणि पाय ऐकतात, रोज करायची सवय असते. तोटा असा की मूठ घट्ट आवळायची आणि शेवटी झटका द्यायची सवय असते, तलवारीला ते चालत नाही, खांदे सोडायला तुम्हाला वेळ लागेल. गुडघ्यांचं काही दुखणं असेल तर आत्ताच सांगा, १२ पैकी पहिल्या तीन काता सेइझातून आणि चौथी एक गुडघा उभा करून बसलेल्या स्थितीतून आहे, पाचवीपासून पुढे सगळ्या उभ्याने, त्यामुळे रस्ता निघतो. घरात जागा किती हेही बघा. तलवार डोक्यावर गेली की साध्या फ्लॅटमध्ये ती सरळ पंख्याला भिडते, तेव्हा गच्ची किंवा अंगण लागेल. आणि महिन्यातून एक रविवार पुण्याला यायची तयारी आहे का? सातारा-पुणे सव्वाशे किलोमीटरच्या आतच आहे, मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या एसटीतच आहे. हे एखाद्या चंद्रपूरच्या किंवा दुबईतल्या माणसाने विचारलं असतं तर मी वेगळं सांगितलं असतं, की वर्षातून एकदा आठवडाभराचं शिबिर धरा आणि त्याच्या आगेमागे ऑनलाइन बसवा.

शिक्षक शोधताना आधी हे ठरवा की कातोरीच हवी का. हवी असेल तर त्या परंपरेने अधिकृत परवानगी दिलेला कोणी भारतात किंवा जवळपासच्या देशात आहे का ते मूळ दोजोकडेच पत्र लिहून विचारा, आणि नसेल तर ती इच्छा बाजूला ठेवा, दुधाची तहान ताकावर भागवून ते दूध असल्याचं स्वतःला पटवू नका. तलवार हवी आहे, परंपरा कुठलीही चालेल असं असेल तर फेडरेशनच्या प्रमाणित इआइपासून सुरू करणं सगळ्यात शहाणपणाचं. ती सगळीकडे सारखी आहे, तिची अधिकृत पुस्तिका आहे, आणि आज पुण्यात शिकलेलं उद्या ओसाकात गेलात तरी उपयोगी पडतं. कोर्यु इआइ, म्हणजे मुसो शिंदेन र्यू किंवा मुसो जिकिदेन एइशिन र्यू, पुढे त्याच शिक्षकाकडून मिळू शकते.

कोणालाही पैसे द्यायच्या आधी त्यांना साधं विचारा. तुमचे शिक्षक कोण आणि ते आज तुम्हाला ओळखतात का? माझा व्हिडिओ कोण बघणार, स्वतः तुम्ही की तुमचा मदतनीस, आणि उत्तर किती दिवसांत? आपण प्रत्यक्ष कधी भेटणार? ज्याच्याकडे खरं काही आहे तो या प्रश्नांनी दुखावत नाही, उलट खूश होतो. भेटीचा प्रश्न आला की विषय सर्टिफिकेटच्या फीकडे वळत असेल तर तिथून निघा.

शिक्षक मिळाल्यावर लांबचा सराव कसा चालवायचा ते मी कसं करतो तसंच लिहितो. माझे सेन्सेइ जपानात, तिकडे आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणून रविवारी सकाळी ७ ला मी उभा असतो तेव्हा तिकडे साडेदहा वाजलेले असतात. लाइव्हमध्ये एकच काता, कधी तिचा अर्धाच भाग. एका वेळी एकच दुरुस्ती घ्यायची आणि ती पुढच्या वेळेपर्यंत घोटायची. मी विद्यार्थ्यांनाही हेच लावतो, कोणी पाच काता एका व्हिडिओत पाठवल्या तर मी पहिलीच बघतो. दुरुस्ती लगेच वहीत लिहायची, स्वतःच्या शब्दांत, आणि ती वही भेटीला घेऊन यायची.

कॅमेऱ्याचं थोडं तांत्रिक आहे पण फार उपयोगाचं. मोबाइल कमरेच्या उंचीवर, तीन-चार मीटर लांब, हातात धरून कोणाला काढायला लावू नका. एक व्हिडिओ समोरून आणि एक डाव्या बाजूने, कारण म्यान डावीकडे असतं आणि समोरून तलवारीचा कोन कळतच नाही. सेकंदाला ६० फ्रेमवर ठेवा, शक्य असेल तर स्लो मोशन, साध्या ३० वर पातं नुसतं धूसर दिसतं आणि मोबाइलचा सेन्सर ओळीओळीने चित्र घेत असल्यामुळे सरळ पातं वाकडंही दिसतं, ते बघून स्वतःच्या हाताला दोष देऊ नका. झूममध्ये स्वतःचं चित्र आरशासारखं उलटं दिसतं, ते बंद करून ठेवा, नाहीतर शिक्षक डावा म्हणाला की तुम्ही गोंधळता. आणि झूम वाऱ्याचा आवाज गोंगाट समजून काढून टाकतं, म्हणून सेटिंगमध्ये ओरिजिनल साउंड चालू करा. पात्याला लांबीभर खाच असलेली तलवार सरळ रेषेत कापत गेली तर शिट्टीसारखा आवाज येतो, धार तिरकी गेली तर तो फाटतो किंवा येतच नाही. लांबून ऐकू येणारी ती एक मौल्यवान खूण आहे आणि बरेच जण ती सॉफ्टवेअरला गिळू देतात. फक्त त्या आवाजाच्या मागे लागून जोर लावू नका.

यूट्यूब बघू नका असं मी म्हणत नाही. बघून शिकण्याला जपानात मान आहे, दुखापत झालेला विद्यार्थीसुद्धा दोजोच्या कडेला बसून सराव बघतो. पण जी काता समोर शिकलात तिचेच व्हिडिओ बघा, आणि आपल्याच शाखेच्या लोकांचे. शिंदेन आणि एइशिन यांच्यात कितीतरी काता सारख्या वाटतात आणि बारकावे वेगळे असतात. प्रमाणित इआइतही वेळोवेळी तपशील बदलत गेलेत, वीस वर्षांपूर्वीचा सुंदर व्हिडिओ बघून तुम्ही आज परीक्षेत चुकीचं ठरणारं काहीतरी शिकून बसाल.

सामानाबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. ऑनलाइन मिळणारी शोभेची कताना सरावाला कधीच वापरू नका. तिच्या मुठीच्या आत पात्याची बारीकशी शेपटी जोडलेली असते, जोरात वार केला की पातं सुटून जातं आणि समोर कोण उभं आहे हे त्याला माहीत नसतं. नीट बनवलेल्या तलवारीचं पातं मुठीत खोलवर जातं आणि बांबूच्या खुंटीने पक्कं होतं, ती खुंटी सुद्धा आम्ही प्रत्येक सरावाआधी बोटाने दाबून तपासतो. धारेची तलवार घ्यायला सांगणारा शिक्षक स्क्रीनवर भेटला तर कॉल बंद करा. सुरुवातीला पांढऱ्या ओकची लाकडी तलवार आणि तिला बसणारं प्लास्टिकचं म्यान, एवढ्यावर पहिलं वर्ष आरामात निघतं. पुढे इआइतो म्हणजे सरावाची तलवार लागते, तिचं पातं झिंक-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं आणि त्याला धार लावता येत नाही. पण धार नसली तरी कस्टमला आणि पोलिसांना ती तलवारच दिसते, आणि तलवार शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये येते. मागवायच्या आधी स्थानिक पोलिस ठाण्यात आणि ज्यांनी आधी आणली आहे त्यांच्याकडे चौकशी करा, पार्सल अडकल्यावर नाही. आपल्याकडे महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात तेव्हा सार्वजनिक ठिकाणी काठ्यासुद्धा नेता येत नाहीत, म्हणून मैदानावर सराव करायचा तर तारखा बघा आणि सामान नेहमी पिशवीत, चेन लावून न्या.

अजून एक, आणि हे मी मनापासून सांगतोय. तुमच्या भागात, आणि कोल्हापुरात तर नक्कीच, मर्दानी खेळाचे आखाडे आहेत, दांडपट्टा, लाठी, फरी-गदगा शिकवणारे वस्ताद आहेत. तुमची ओढ जर शस्त्र हातात घेऊन कोणाच्या तरी नजरेखाली घडण्याची असेल तर ती भूक तिथे उद्या सकाळपासून भागू शकते. जपानीच हवं असेल तरी तिथे घालवलेलं वर्ष वाया जाणार नाही, जोडीदाराचा वार अंगावर येताना डोळे उघडे ठेवायची सवय तिथे लागेल आणि ती पुढे कुठल्याही दोजोत कामाला येईल.

शिक्षक मिळेपर्यंत घरी काय करावं हेही विचाराल. सेइझात बसायची सवय करा, थोडं थोडं वाढवत. चालताना डोकं वरखाली न होता सरकत चालायचा सराव करा. लाकडी तलवार आणलीत तर फक्त सरळ वरून खाली, हळू, दोन्ही हात बेंबीच्या रेषेत, डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका धरलेली आणि बाकी बोटं सैल. थकल्यावर खांदे चढायला लागले की थांबा. काता पाठ करू नका, एकही नाही, ती जागा शिक्षकासाठी रिकामी ठेवा.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. जपानी यायलाच हवं असं नाही, आमच्याकडे निम्म्यांना येत नाही, तलवारीच्या भागांची आणि हालचालींची पन्नासेक नावं कानावर पडून आपोआप बसतात. मात्र जपानच्या दोजोला पत्र लिहाल तेव्हा पुण्यातल्या कुठल्याही जपानी क्लासच्या शिक्षकाकडून ते एकदा तपासून घ्या, आणि त्यात तुम्ही कोण, किती वर्षं काय केलंय, कशासाठी शिकायचंय आणि वर्षातून किती वेळा प्रवास करू शकता एवढंच लिहा. उत्तराला महिना लागला तरी आठवण करून देऊ नका, तिकडे बरेच सेन्सेइ म्हातारे आहेत आणि मेल आठवड्यातून एकदा उघडतात. गुडघ्यांचं आणि रविवारचं काय ते इथेच कळवा, म्हणजे पुण्यात कोणाकडे जाऊन बसायचं ते सांगतो, पहिले एक-दोन वेळा नुसतं कडेला बसून बघायला या.